मराठी माध्यम, मुक्काम पुणे आणि इंग्रजीचे ते पंचवीस प्रश्न

शास्त्रीरोड_दुसरामजला | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी मूळचा मराठवाड्यातला, शिक्षण सगळं मराठी माध्यमात. तीन वर्षं झाली पुण्यात. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री अकराला खोली. एमपीएससीची संयुक्त परीक्षा आणि सोबत केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची एसएससी सीजीएल असं दोन दगडांवर पाय ठेवून चाललंय. जीएस (सामान्य अध्ययन) बरं आहे, गणितही ओढून नेतो. इंग्रजीत मात्र दर वेळी आपटतो.

आज सीजीएल टियर १ ची सराव परीक्षा दिली. इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. सगळे २५ सोडवले. ११ बरोबर, १४ चूक. चुकीला अर्धा गुण कापतात, म्हणजे २२ मधून ७ वजा, हातात १५. शेजारच्या खुर्चीवरच्या पोराला ४१.

शब्दांसाठी दोनशे पानी वही केलीय. ती तीनदा 'ए'पासून सुरू केली आणि तिन्ही वेळा 'डी'च्या आसपास संपली. त्यामुळे 'ए'च्या शब्दांत मला अख्ख्या सदाशिव पेठेत तोड नाही, 'एम'नंतर अंधार. व्याकरणाचे नियम पाठ आहेत, पण वाक्य समोर आलं की सगळंच बरोबर वाटतं. 'नो एरर'वर खूण करून मोकळा होतो.

नेमकं काय करू?

कटिंग_दोन | रात्री १०:५२

रोज ५० शब्द पाठ कर. महिन्यात १५००. सहा महिन्यांत ९०००. सोपा हिशोब आहे.

एक_मार्काने_गेलेला | रात्री १०:५८

@कटिंग_दोन, तू स्वतः किती केलेस?

कटिंग_दोन | रात्री ११:०३

पहिल्या दिवशी ५०.

निवृत्त_पासबुक | रात्री ११:२०

शास्त्रीरोड, तुम्ही १४ चुका मोजल्यात, पण त्या कोणत्या ते लिहिलं नाहीत. डॉक्टरकडे जाऊन 'चौदा ठिकाणी दुखतं' म्हटल्यासारखं झालं. वाक्यं टाका. मी बँकेत ३४ वर्षं काढली, आता घरी भाचे-पुतण्यांचा इंग्रजीचा अभ्यास घेतो. पेपर बघितल्याशिवाय औषध सांगत नाही.

शास्त्रीरोड_दुसरामजला | सोमवार, सकाळी ६:४५

काका, अभ्यासिकेत जायच्या आधी पटकन टाकतो. ५ चुका नुसत्या शब्दांच्या, ते शब्द मी आयुष्यात पाहिले नव्हते. उरलेल्या ९ व्याकरणाच्या. ही सगळी वाक्यं मला बरोबर वाटली होती:

'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स.'
'अनलेस यू डू नॉट वर्क हार्ड, यू विल फेल.'
'वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर.'
'ही वॉज अँग्री ऑन मी.'
'वॉक केअरफुली लेस्ट यू शुड नॉट फॉल.'
'वन ऑफ माय फ्रेंड लिव्ज इन कोथरूड.'

शिवाय नॅरेशनचे (दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगायचे) दोन आणि क्वेश्चन टॅगचा एक.

निवृत्त_पासबुक | सोमवार, दुपारी १:१५

वाटलंच होतं. ही सहा वाक्यं मोठ्याने मराठीत म्हणून बघा. पाच वाक्यं शब्दाला शब्द मराठी आहेत, नुसता इंग्रजी सदरा घातलाय. म्हणून ती तुम्हाला बरोबर वाटतात. कान तुमचा चांगलाच आहे, पण तो मराठीचा आहे.

पहिलं घ्या. 'मी इथे तीन वर्षांपासून राहतोय.' मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' दोन्हींना एकच 'पासून'. इंग्रजीत त्याच्या दोन वाटा होतात. कधी सुरू झालं तो क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स', किती काळ झाला ती लांबी सांगायची असेल तर 'फॉर'. आणि 'राहतोय' हा आपला साधा चालू वर्तमानकाळ तिथे चालत नाही, 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. यापुढे 'पासून' आलं की हात आखडायचा आणि विचारायचं: क्षण की लांबी?

दुसरं आणि पाचवं एकाच जातीचं. 'मेहनत केली नाहीस तर नापास होशील.' यातलं अख्खं 'नाहीस तर' 'अनलेस'च्या पोटात आहे. वर आणखी 'नॉट' घातलात की दोन नकार झाले आणि अर्थ उलटा फिरला. 'पडू नये म्हणून' यातला 'नये' तसाच 'लेस्ट'च्या पोटात. तिसरा भाऊ 'अनटिल'. आपण म्हणतो, 'तू येत नाहीस तोवर मी थांबतो', म्हणून पोरं लिहितात 'अनटिल यू डू नॉट कम'. आपल्याला नकार लागतो, त्यांना नाही.

'मॅटरविषयी चर्चा केली' म्हणून 'अबाउट' चिकटलं, 'माझ्यावर चिडला' म्हणून 'ऑन'. 'डिस्कस'ला काहीच लागत नाही, 'अँग्री'ला माणूस असेल तर 'विथ'. 'तिचं लग्न त्याच्याशी झालं' म्हणून 'मॅरिड विथ' लिहितात, तिथे 'मॅरिड टू'. 'पुण्याला पोहोचलो' म्हणून 'रीच्ड टू पुणे'. तो 'ला' पुसायचा.

सहाव्या वाक्यात मात्र दोष मराठीचा नाही, उलट तुम्ही मराठी सोडलीत म्हणून चुकलात. 'माझ्या मित्रांपैकी एक कोथरूडला राहतो.' 'मित्रापैकी एक' असं कुणी म्हणेल का? 'पैकी'च्या आधी अनेकवचन, आणि शेवटी 'राहतो' एकवचन. इंग्रजीतही तेच: 'फ्रेंड्स' अनेक, 'लिव्ज' एक. 'वन ऑफ' दिसलं की मनात 'पैकी' म्हणा.

नॅरेशनचं रात्री लिहितो. आमच्याकडे आता वामकुक्षी.

एक_मार्काने_गेलेला | सोमवार, दुपारी १:४०

काका, पटलं. पण एक शंका. टियर १ मध्ये तासाभरात १०० प्रश्न. इंग्रजीला फार तर बारा-पंधरा मिनिटं मिळतात. तिथे प्रत्येक वाक्याचं मराठी करत बसलो तर गणित कधी सोडवू? आमचे सर तर सांगायचे, इंग्रजीत विचार करा, मराठी डोक्यातून काढून टाका.

निवृत्त_पासबुक | सोमवार, रात्री ९:०५

तुमच्या सरांचा मान राखून सांगतो, डोक्यातून मराठी काढता येत नाही. मी चौतीस वर्षं इंग्रजीत कार्यालयीन टिपणं लिहिली, आजही पैसे मराठीत मोजतो. परीक्षेत नका करू भाषांतर, घरी करा. चूक झाली की ती मराठीतून आली का, एवढं वहीत टिपा. वीस-पंचवीस साचे आहेत, त्यापलीकडे फार नाहीत. ते ओळखीचे झाले की हॉलमध्ये बोट आपोआप थांबतं.

आता नॅरेशन. आपण म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' यातला 'मी' कोण? तोच. 'की' लावलं तरी आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. सर्वनाम, काळ, 'उद्या', काही हलत नाही. इंग्रजीत 'दॅट' आलं की सगळं हलतं: 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' मराठी मुलांचे नॅरेशनचे गुण या एका 'की'पायी जातात. नियमांचे तक्ते पाठ करण्याआधी हा फरक एकदा नीट पचवा.

टॅगचंही तसंच. आपल्याकडे एक 'ना?' सगळीकडे चालतो. 'येतोस ना', 'गेली ना', 'आहे ना'. त्यांच्याकडे प्रत्येक क्रियापदाचा 'ना' वेगळा. त्यातही 'फ्यू' म्हणजे 'फारसे नाहीत', तो आतून नकारी, म्हणून 'फ्यू पीपल नो धिस, डू दे?' आणि 'अ फ्यू' म्हणजे 'थोडेफार आहेत', तिथे 'डोन्ट दे?' एका 'अ'ने टॅग उलटा होतो, आणि पेपर काढणाऱ्याचं असल्या 'अ'वर फार प्रेम.

कटिंग_दोन | सोमवार, रात्री ९:२०

सगळ्यात मोठा घोळ तर परीक्षेचाच आहे. आपण परीक्षा 'देतो' आणि इंग्रजीत तीच 'टेक' करायची. 'गिव्ह' मास्तर करतो. इतकी वर्षं देऊन हाती काही लागलं नाही ते यामुळेच, आपण नुसतं देतच राहिलो.

नवीपेठ_उत्तररात्र | सोमवार, रात्री १:३५

झोप येत नाहीये म्हणून माझी एक जुगाडी युक्ती देतो. 'अ' लावायचा की 'ॲन', यात पोरं 'ए, ई, आय, ओ, यू' म्हणत बसतात आणि फसतात, कारण नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. आपल्याकडे त्याचं फुकटचं यंत्र आहे: शब्द देवनागरीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'.

युनिव्हर्सिटी: 'य', म्हणून 'अ'. युरोपियन: 'य', 'अ'. वन-वे रस्ता: 'व', 'अ'. अवर म्हणजे तास: 'अ' हा स्वर, म्हणून 'ॲन'. एमएलए, एफआयआर, एसएससी: 'ए', 'ॲन'. लंडनच्या पोराला हे स्पेलिंगमधून शोधावं लागतं, आपली लिपी आधीच उच्चार लिहून ठेवते.

एकच अट. उच्चार खरा माहीत हवा. 'हॉनेस्ट' लिहिलंत तर मेलात, तो 'ऑनेस्ट' आहे. वारस या अर्थाचा शब्दही 'हेअर' नाही, 'एअर'. ही 'एच' गिळणारी मंडळी चारच लक्षात ठेवा: अवर, ऑनर, ऑनेस्ट, एअर. त्यांचीच पिल्लं सगळी.

शास्त्रीरोड_दुसरामजला | मंगळवार, सकाळी ६:५०

नवीपेठ, हे मला बारावीपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि नंतर ज्या क्लासला पैसे भरले तिथेही नाही. धन्यवाद दादा. इडियम्सचं काय करायचं? ती वही तर अजून उघडलीच नाही.

लक्ष्मीरोड_अनुवाद | मंगळवार, दुपारी ४:१०

मी भाषांतराची कामं करते, पोटाचाच प्रश्न आहे, म्हणून बोलते.

इडियम्सची यादी पाठ करू नकोस रे. आधी तीन ढीग कर. पहिल्या ढिगात सरळ मराठी जोडीदार असलेले. आगीत तेल ओतणे, राईचा पर्वत करणे, मांजराच्या गळ्यात घंटा, नक्राश्रू, एका दगडात दोन पक्षी. हे तुला येतातच, फक्त इंग्रजी तोंडवळा ओळखायचाय. राईऐवजी तिकडे चिचुंदरीसारख्या मोल नावाच्या प्राण्याने उकरलेली माती, एवढाच फरक. चित्र वेगळं पण अर्थ तोच असलेलेही यातच टाक: 'बिट्वीन द डेव्हिल अँड द डीप सी' म्हणजे इकडे आड तिकडे विहीर, 'अ बॅड वर्कमन क्वारल्स विथ हिज टूल्स' म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे. 'टर्न अ डेफ इअर'ला आपण कानाडोळा म्हणतो. त्यांचा नुसता कान, आपण डोळाही लावला.

दुसरा ढीग गोष्टीवाल्यांचा. 'हॉब्सन्स चॉइस' पाठ करायला गेलास तर विसरशील. गोष्ट ऐक. केंब्रिजमध्ये थॉमस हॉब्सन नावाचा घोडे भाड्याने देणारा होता. गिऱ्हाइकाने कुठलाही घोडा मागो, दाराजवळ जो उभा असेल तोच मिळणार, नाहीतर चालत जा. म्हणजे निवड नावाचीच. 'बॉयकॉट' हे तर माणसाचं आडनाव. आयर्लंडमध्ये १८८० साली जमीनदाराच्या कारभाऱ्यावर लोकांनी बहिष्कार टाकला, त्या कॅप्टन बॉयकॉटचं नाव शब्दकोशात गेलं. 'क्रॉस द रुबिकॉन' म्हणजे आता माघार नाही. सीझरने इ.स.पू. ४९ मध्ये सैन्यासह ती नदी ओलांडली आणि यादवी पेटली. अशा गोष्टी एकदा वाचल्या की पुरतात.

तिसरा ढीग घातकी. दिसायला मराठी, अर्थाने परके. 'पुल समवन्स लेग' म्हणजे पाय ओढणे नव्हे! पाय ओढणं म्हणजे वर चाललेल्याला खाली खेचणं, आणि इंग्रजीत ती नुसती थट्टा. 'वॉश वन्स हँड्स ऑफ' म्हणजे हात धुऊन मागे लागणे नव्हे, बरोबर उलट: आपण ज्याला 'हात वर करणे' म्हणतो ते. 'पे थ्रू द नोज' म्हणजे अवाच्या सवा पैसे मोजणे. नाकाने कांदे सोलण्याशी त्याचा संबंध नाही. पर्यायांत यांचा शब्दशः अर्थ हमखास ठेवलेला असतो आणि आपला माणूस आनंदाने त्याच्यावर टिचकी मारतो. अभ्यास फक्त या तिसऱ्या ढिगाचा कर.

पेरूगेट_संस्कृत५० | मंगळवार, रात्री १०:१५

ताईंच्या प्रतिसादाला जोडून. वन वर्ड सब्स्टिट्यूशनला (अनेक शब्दांऐवजी एक शब्द) मला दहावीचं संस्कृत कामाला आलं. दहावीत ते केवळ गुणांसाठी घेतलं होतं, हे कबूल.

'पॅट्रिसाइड', 'मॅट्रिसाइड', 'फ्रॅट्रिसाइड' यात पोरं गोंधळतात. पितृ, मातृ, भ्रातृ म्हणून बघा. बापाची, आईची, भावाची हत्या. 'भ'चा तिकडे 'फ' होतो, बाकी ओळख पटते. 'रेजिसाइड' राजाची, राजन् आणि 'रेक्स' एकाच घरातले. 'डेंटिस्ट'मध्ये दंत, 'इग्नाइट'मध्ये अग्नी, 'नेव्ही'मध्ये नौ, 'ऑक्टो'मध्ये अष्ट, 'डेका'मध्ये दश. हा योगायोग नाही. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात हेच मांडलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा.

म्हणून शब्द 'ए' ते 'झेड' करू नका, कुळाने करा. 'साइड'वाले एका पानावर, 'लॉजी'वाले एका, 'ऑम्नि'वाले एका: सर्वज्ञ, सर्वव्यापी, सर्वशक्तिमान. तिन्हींना मराठीत 'सर्व', तिन्हींना इंग्रजीत 'ऑम्नि'.

जाता जाता एक गंमत. 'मंगूस' हा इंग्रजीतला शब्द मराठीतून, आपल्या मुंगुसावरून गेलाय. त्याचं अनेकवचन 'गूस'सारखं 'मंगीस' करू नका. 'गूस'चं 'गीस' होतं कारण ते त्यांचं बदक. मुंगूस आपलं, म्हणून साधं 'मंगूसेस'.

कटिंग_दोन | मंगळवार, रात्री १०:३१

'गूस' म्हणजे हंस ना? बदक तर 'डक'.

पेरूगेट_संस्कृत५० | मंगळवार, रात्री १०:४०

हो, हंस. कटिंग, तुमच्याकडून दुरुस्ती घ्यावी लागली हे माझं दुर्दैव.

एक_मार्काने_गेलेला | बुधवार, सकाळी ७:३०

माझंही दुखणं सांगून टाकतो. मागच्या वर्षी एका क्लासच्या झेरॉक्स नोट्सवर अभ्यास केला. त्यात 'ही इज वन ऑफ दोज प्लेअर्स हू प्लेज वेल' हे बरोबर दाखवलं होतं. 'वन ऑफ' म्हणजे क्रियापद एकवचनी, असा चौकटीत नियम. मी तो इमानेइतबारे दोन महिने घोटला. सराव परीक्षेत तीनदा चुकला तेव्हा उत्तरतालिकाच चुकीची आहे म्हणून भांडलोही. चूक नोट्सची होती.

काल काकांची 'पैकी'वाली युक्ती लावून बघितली. 'जे खेळाडू चांगले खेळतात, त्यांच्यापैकी तो एक आहे.' खेळतात! अनेकवचन! म्हणजे 'हू प्ले वेल'. 'हू' कुणाला लागलाय ते मराठीत लख्ख दिसतं. दोन महिने आणि नोट्सचे पैसे गेले ते गेले. आता कुठलाही नियम दोन जागी ताडून बघतो.

निवृत्त_पासबुक | बुधवार, सकाळी ८:१०

शाब्बास. हे मी सांगितलं नव्हतं, तुमचं तुम्ही काढलंत.

डेक्कन_क्लार्क | बुधवार, रात्री ८:४५

मी बँकेत लागलेय गेल्या वर्षी, म्हणून परीक्षेच्या अंगाने दोन शब्द. सगळ्या परीक्षांचं इंग्रजी एक नसतं. बँकेच्या क्लार्कच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं, घड्याळ त्या विभागापुरतं वेगळं. तिथे इडियम्स क्वचित. उतारा, क्लोझ टेस्ट (उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा), वाक्यांची जुळवणी. वाचनाचा वेग नसेल तर व्याकरण येऊनही उपयोग नाही. रोज इंग्रजी पेपरातलं एक संपादकीय, पण शब्द अडला तरी न थांबता वाचायचं, शब्द नंतर.

सीजीएलमध्ये मात्र इडियम, स्पेलिंग, वन वर्ड यांचा मारा. टियर २ मध्ये इंग्रजीचे ४५ प्रश्न, १३५ गुण, आणि चुकीला एक पूर्ण गुण जातो. २०२३ च्या तलाठी भरतीत इंग्रजीला २५ प्रश्न होते आणि चुकीला वजाबाकी नव्हती, तिथे सगळे सोडवणं शहाणपणाचं. शास्त्रीरोड, तू सीजीएलमध्ये तलाठीसारखे २५ पैकी २५ सोडवलेस, तिथेच ७ गुण घालवलेस.

स्पेलिंगचं एवढंच, की ते डोळ्याने शिकू नका, हाताने लिहा. 'ॲकोमोडेशन'मध्ये दोन 'सी' दोन 'एम', 'कमिटी'त दोन 'एम' दोन 'टी' दोन 'ई'. मी मेसच्या रांगेत तळहातावर बोटाने लिहायचे. लोक वेडी समजायचे.

घाटावरचा | बुधवार, रात्री ९:३०

विषयांतराबद्दल माफी, पण पेरूगेटजवळ रविवारी संध्याकाळी चालू असणारी मेस कुणाला माहितीये का?

कटिंग_दोन | बुधवार, रात्री ९:३३

'वन्स इन अ ब्लू मून' चालू असतात.

शास्त्रीरोड_दुसरामजला | रविवार, रात्री १०:२०

तीन आठवड्यांनी परत आलोय, धागा वर काढतो.

दोनशे पानी वही बांधून ठेवली. अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी नवी आणली, आणि तिच्यात फक्त स्वतःच्या चुका. डावीकडे चुकलेलं वाक्य, मध्ये त्याचं मराठी, उजवीकडे दुरुस्त केलेलं. तीन आठवड्यांत ६३ चुका जमल्या. काकांचं खरं निघालं, त्या ६३ फिरून फिरून १९ साच्यांतच बसल्या. 'पासून' एकट्यानेच आठ वेळा खाल्लंय.

आजचा निकाल: २२ सोडवले, १६ बरोबर, ६ चूक. ३२ वजा ३, म्हणजे २९. शेजारच्याला आज ४३, तोही सुधारतोय मेला. माझ्या ६ पैकी ४ शब्दांच्या चुका आहेत, त्यावर पेरूगेट यांची कुळं सुरू केलीत. नॅरेशन दोन्ही बरोबर आले.

आणि एक सांगायचंय. आमच्या अभ्यासिकेत, माझ्या खुर्चीच्या बरोबर वर, एक इंग्रजी पाटी आहे: 'डू नॉट टॉक अनलेस इट इज नॉट अर्जंट.' वर्षभर तिच्याखाली बसलोय. काल पहिल्यांदा वाचली.

निवृत्त_पासबुक | रविवार, रात्री १०:३५

२९ ला माझ्याकडून एक चहा. पाटीचं मालकांना सांगा, हळूच आणि नम्रपणे.

नवीपेठ_उत्तररात्र | रविवार, रात्री १२:५०

अजिबात सांगू नका. त्या पाटीप्रमाणे काम तातडीचं नसेल तेव्हाच बोलायला परवानगी आहे. पुण्यातल्या दुसऱ्या कुठल्या अभ्यासिकेत अशी सोय मिळणार?